थ्रीची गळती: बचावाच्या कामाच्या नोंदी

२ जून

तक्रार एका वाक्याची: आपला बास्केटबॉल संघ थ्री (कमानीबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) फार खातो. मैदानावर त्यावरचा उपायही एकाच वाक्याचा असतो, "हात वर कर ना!" हात वर करूनही थ्री पडतात, कारण शूटरच्या हातात बॉल येतो तेव्हा आपला माणूस तीन मीटरवर असतो. तो तिथे कसा गेला, हे शोधायचं काम.

पहिली अडचण कागदाची. फीबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) स्कोअरशीटवर झालेल्या थ्रीचा नंबर गोल करून लिहितात, हुकलेल्या थ्रीची नोंदच नसते. शीट बघून फक्त कोणाचे पडले ते कळतं, किती मारू दिले ते कळत नाही. म्हणून आपला वेगळा तक्ता केला. दर थ्रीला एक ओळ, पडो वा हुको. रकाने: क्वार्टर व वेळ, जागा (कमानीवर डावीकडून उजवीकडे: डावा कॉर्नर, डावी विंग, टॉप, उजवी विंग, उजवा कॉर्नर), शूटरचा नंबर, बॉल सुटताना बचावपटू किती लांब (हाताच्या अंतरावर, एक पाऊल, त्याहून जास्त), आणि शेवटचा रकाना मूळ कारणाचा.

कारणांची अक्षरं:
क – पहिला माणूस ड्राइव्हवर (बॉल घेऊन रिंगकडे मुसंडी) हरला
ख – एका पासवरच्या माणसाने गरज नसताना हेल्प दिली (आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला गेला)
ग – स्क्रीनवर (बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहणं) गोंधळ
घ – झोनची (माणूस न धरता जागा धरण्याच्या बचावाची) फट
च – परत धावताना माणूस न धरणं
छ – त्यांच्या आक्रमक रिबाउंडनंतर (हुकलेला बॉल त्यांनाच मिळाल्यावर) बाहेर पास
ज – बचाव बरोबर होता, तरी पडला

"ज" मुद्दाम ठेवलाय. तो नसला की भरणारा प्रत्येक थ्रीला कोणाची तरी चूक शोधून काढतो आणि तक्ता खोटा होतो.

कारण लिहिताना व्हिडिओ शॉटपासून दोन पास मागे न्यायचा. शॉटच्या फ्रेममध्ये जो उशिरा पोचताना दिसतो तो बहुतेक वेळा निर्दोष असतो, दुसऱ्याची भरपाई करत असतो.

४ जून

मैदान मोजलं. सिमेंटचं, उघड्यावरचं कोर्ट. त्यावर दोन कमानी आहेत: पुसट पिवळी ६.२५ मीटरची आणि पांढरी नवी. फीबाने ऑक्टोबर २०१० पासून रेषा ६.७५ वर नेली आणि समलंब चौकोनाची 'की' (रिंगसमोरचा आखलेला भाग, यालाच पेंट म्हणतात) आयताकृती केली, पण जुने रंग सिमेंटमधून सहज जात नाहीत. मुलं नकळत पिवळ्या रेषेवर बचाव करतात. तिथून शूटरपर्यंत आणखी अर्धा मीटर उरतो आणि क्लोज-आउट (शूटरकडे धावत जाऊन त्याला रोखणं) तेवढ्यानेच तोकडा पडतो.

पांढरी कमानही तपासली. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि टोक जमिनीला टेकलं तिथे खडूने फुली मारली. बेसलाइनच्या आतल्या कडेपासून ही फुली १.५७५ मीटरवर यायला हवी. इथे साडेचार सेंटिमीटर कमी आली, म्हणजे बोर्डाचा खांब पुढेमागे सरकलाय. मग फुलीवरून टेप ताणून कमानीची बाहेरची कड मोजली. ६.७५ हे माप बाहेरच्या कडेचं, रेषेच्या मध्याचं नाही. सुतळी वापरू नये, ताणली की दोन-तीन सेंटिमीटर वाढते. स्टीलची टेप घ्यावी.

कॉर्नरमध्ये रेषा सरळ असते, साइडलाइनपासून ०.९० मीटरवर. कोर्ट १५ मीटर रुंद, म्हणजे रिंगच्या मध्यापासून ६.६० मीटर. कमान आणि सरळ रेषा बेसलाइनपासून २.९९ मीटरवर जुळतात. ते जुळत असेल तर आखणी बरोबर. आपल्याकडे डावीकडे जुळतं, उजवीकडे हातभर खाली जुळतं. रंगवणाऱ्याने उजवीकडे अंदाजपंचे हात मारलाय.

पाय रेषेवर असेल तर गुण दोनच. सरावात हे कोणी बघत नाही, त्यामुळे तक्त्यात काही 'थ्री' खरे दोन आहेत. ते काढून टाकले.

पिवळ्या कमानीवर सिमेंटच्या रंगाचा एक हात मारला. डबा अर्धा उरला.

७ जून

स्वतःच्या व्हिडिओत सगळंच चुकीचं दिसतं, त्यामुळे शिकायला होत नाही. शिकायला एक असा संघ हवा जो बचावात उत्तम होता आणि तरी थ्री खाऊन गेला. एनबीएतला (अमेरिकेची व्यावसायिक लीग) मिलवॉकी बक्स घेतला, प्रशिक्षक माइक बूडनहोल्झरची कारकीर्द.

२०१८ मध्ये बूडनहोल्झर आला, त्याच उन्हाळ्यात सात फुटी ब्रुक लोपेझ आला. पिक अँड रोलवर (समोरच्याने स्क्रीन देऊन रिंगकडे वळणं) लोपेझ बाहेर यायचाच नाही, मागे सरकून पेंटमध्ये उभा राहायचा. गार्डने (बॉलवाल्याला धरणाऱ्या छोट्या खेळाडूने) स्क्रीनवरून चढून शूटरच्या पाठीला चिकटून यायचं. याला ड्रॉप म्हणतात. आतली सोपी बास्केट बंद, मधला लांबचा दोन गुणांचा शॉट मोकळा, आणि बाहेरच्या थ्रीचा धोका पत्करलेला. २०१८–१९ मध्ये ६० विजय, २२ पराभव आणि लीगमधला सर्वोत्तम बचाव. त्याच वेळी विरोधकांना सर्वाधिक थ्री मारू देणाऱ्या संघांतही तेच.

हा दोष अपघाताने शिरलेला नव्हता, किंमत म्हणून मान्य केलेला होता. किंमत कुठे परवडली आणि कुठे नाही, एवढं बघायचं. दोन मालिका निवडल्या: २०१९ ची टोरांटोविरुद्ध आणि २०२२ ची बॉस्टनविरुद्ध.

८ जून

बॉस्टन, सातवा सामना, १५ मे २०२२. बॉस्टन १०९, मिलवॉकी ८१. बॉस्टनचे थ्री ५५ पैकी २२, मिलवॉकीचे ३३ पैकी ४.

ही बेरीज फळ्यावर मांडून ठेवायची. थ्रीवर बॉस्टनला ६६, मिलवॉकीला १२. मग थ्री सोडून उरलेले गुण: बॉस्टन ४३, मिलवॉकी ६९. म्हणजे आतल्या खेळात मिलवॉकी २६ गुणांनी पुढे होता. पेंट राखायचं ठरवलं होतं, तो राखला. आणि २८ गुणांनी हरला.

लोपेझकडे बॉस्टनचा ग्रँट विल्यम्स दिला होता. विल्यम्स कमानीबाहेर, लोपेझ पेंटमध्ये, बॉस्टनच्या टेटम आणि ब्राउनची वाट अडवायला. विल्यम्सने १८ थ्री मारले, ७ पडले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'विल्यम्सचा दिवस होता' असाच सूर. पण १८ पैकी ७ म्हणजे ३९ टक्के. त्या मोसमात तो ४१ टक्क्यांनी मारत होता. दिवस कसला, नेहमीपेक्षा किंचित कमीच पडले त्याचे! ३९ टक्के म्हणजे दर थ्रीमागे १.१७ गुण. इतक्या दराने गुण देणारा शॉट अठरा वेळा मोकळा सोडायचा, हा हिशेब मुळातच चुकला. मिलवॉकीचा मिडलटन जायबंदी होता आणि मिलवॉकीचे स्वतःचे थ्री पडत नव्हते हे खरं, पण ते दुसऱ्या बाजूचं खातं.

११ जून

टोरांटो, २०१९ ची ईस्टची (एनबीएच्या पूर्व विभागाची) अंतिम मालिका. मिलवॉकी २–० पुढे, मग सलग चार हरले. शेवटच्या तीन सामन्यांत टोरांटोच्या फ्रेड व्हॅनव्हलीटचे थ्री: ३ पैकी ३, ९ पैकी ७, ५ पैकी ४. एकूण १७ पैकी १४, म्हणजे ८२ टक्के. मोसमभर तो ३८ टक्क्यांच्या आसपास होता.

दोन्ही मालिका 'थ्रीने हरले' या एकाच खात्यात टाकल्या जातात. आमच्या मते ती दोन खाती आहेत. व्हॅनव्हलीटचे १७ पैकी बरेच "ज" मध्ये जातील. कोणत्याही बचावावर ८२ टक्के पडत नसतात. विल्यम्सचे १८ मात्र धोरणाने दिलेले होते. पहिल्या प्रकारात बचाव बदलायची घाई करू नये, दुसऱ्यात पहिल्या क्वार्टरलाच बदलायला हवा. स्कोअरबोर्डवर दोन्ही सारखेच दिसतात ही खरी पंचाईत.

नशिबाचा वाटा किती, ते आपल्यासाठी मांडून पाहिलं. समोरचा संघ ३६ टक्क्यांचा, सामन्यात २५ थ्री. अपेक्षा ९ पडण्याची. पण साधं संभाव्यतेचं गणित सांगतं की बचावात काहीही न बदलता ते ६ ते ११ मध्ये कुठेही जाऊ शकतात. म्हणजे १५ गुणांचा झोल. तेव्हा एका सामन्याच्या टक्केवारीवर बचाव जोखायचा नाही. आपण जोखणार ते तीन आकडे: किती मारू दिले, कोणाला, आणि आपला माणूस किती लांब होता.

१३ जून

वेळेचा हिशेब. मोबाइलवर ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग घेतलं की १ फ्रेम म्हणजे ०.०१७ सेकंद. फोन बेसलाइनमागे उंचावर, कुंपणाच्या जाळीला बांधून ठेवायचा. कोर्टाच्या बाजूला स्टूलवर ठेवला तर जवळचा खेळाडू दूरच्याला झाकतो आणि अंतर कळत नाही.

प्रश्न असा: ड्राइव्ह उजवीकडून आत आली, हेल्प कोणी द्यायची? उजव्या कॉर्नरच्या माणसाने की डाव्या बाजूच्या खालच्या माणसाने?

उजवा कॉर्नर: ड्राइव्ह करणाऱ्याकडून पास ४–५ मीटर, जवळजवळ ०.४ सेकंद. बॉल पकडून सोडायला ०.७. एकूण १.१. आपला माणूस 'की'च्या कडेवर असेल तर कॉर्नरपर्यंत सव्वाचार मीटर. हाताच्या अंतरावर पोचायला सव्वातीन मीटर पळायचं, म्हणजे सुमारे १ सेकंद, वर कळायला पाव सेकंद. थोडक्यात उशीर, आणि थांबायला वेळ नाही.

डावा कॉर्नर: आपला माणूस रिंगखाली, साडेसहा मीटर लांब. पण पास ८–९ मीटरचा, गर्दीवरून, उंच. त्याला जवळजवळ १ सेकंद, वर ०.७, एकूण १.७. आपल्या माणसाला पळायला १.४५, वर कळायला पाव सेकंद, म्हणजे तो १.७ ला जेमतेम पोचतो.

म्हणजे अंतर जास्त असूनही लांबचा माणूस वेळेत येतो आणि जवळचा येत नाही. मुलांना हे पटत नाही, कारण जवळच्याला ड्राइव्ह समोर दिसते आणि पाय आपोआप आत पडतो. तक्त्यातही "ख" सर्वांत भरलेला रकाना आहे.

नियम ठरला: बॉलच्या बाजूचा कॉर्नर सोडायचा नाही, लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) गेला तरी चालेल. हेल्प पलीकडच्या खालच्या माणसाची.

१५ जून

शेल ड्रिल, चार विरुद्ध चार. टॉपला दोन, कॉर्नरला दोन. कॉर्नरच्या बचावपटूसाठी जमिनीवर मास्किंग टेपची आडवी पट्टी लावली, कॉर्नरपासून दोन मीटरवर. बॉल त्याच्या बाजूने आत आला तर त्याने पट्टी ओलांडायची नाही. पलीकडच्याने दोन्ही पाय पेंटमध्ये.

८ वेळा उजवीकडून, ८ वेळा डावीकडून, मग बचाव–आक्रमण अदलाबदल. गुण: मोकळा कॉर्नर थ्री मारू दिला तर आक्रमणाला ३, पडो वा हुको. लेअपला १. ही गुणपद्धत लावल्याशिवाय ड्रिल चालत नाही, कारण कोणालाही डोळ्यांसमोर लेअप गेलेला सहन होत नाही.

बिघडलेलं: पट्टी न ओलांडायला सांगितल्यावर कॉर्नरचे बचावपटू शूटरला खेटून पुतळ्यासारखे उभे राहिले. तेही नको. ड्राइव्हच्या दिशेने दोन पावलं आत, हात बॉलच्या वाटेत, आणि लगेच परत. इंग्रजीत याला स्टंट म्हणतात. आम्ही 'हूल' म्हणतो, मुलांना तोच शब्द लगेच कळला. ड्राइव्ह करणारा हुलीने अर्धा सेकंद जरी थबकला तरी पलीकडचा माणूस पोचतो.

१८ जून

एक्स-आउट. पलीकडचा खालचा माणूस हेल्पला गेला, मग त्याचा कॉर्नर उघडा. बॉल तिकडे गेला तर त्याने स्वतः परत धावण्यापेक्षा त्याच बाजूच्या विंगच्या बचावपटूने खाली कॉर्नरला जायचं आणि हेल्पवाल्याने वर विंगला. दोघांच्या वाटा फुलीसारख्या कापतात, म्हणून नाव.

चुकतं कुठे: दोघेही कॉर्नरला धावतात. किंवा दोघेही थांबतात, 'तो जाईल' म्हणून. ओरडणं ठरवून द्यावं लागतं. पहिला निघणारा "माझा!" म्हणेल, दुसऱ्याने "वर!" म्हणायचंच. नुसतं "माझा, माझा" दोघांकडून आलं तर त्याचा काही उपयोग नाही.

विंगवाला वरून खाली येतो तेव्हा त्याने कॉर्नरवाल्याच्या वरच्या खांद्याकडे यावं, बेसलाइनची वाट उघडी ठेवून. तिकडे साइडलाइन आणि बेसलाइन दोन्ही आपल्या बाजूने खेळतात. आत मधल्या बाजूला घुसू दिलं तर पुन्हा पाच जणांचा बचाव फिरवावा लागतो.

१९ जून

पाऊस. सिमेंटवर क्लोज-आउट करू नये, थांबताना पाय सरकतो. सावलीखाली बसून फक्त तक्ता भरला.

२१ जून

ड्रॉपचा दिवस. आपणही पिक अँड रोलवर बिगला (आत खेळणाऱ्या उंच खेळाडूला) मागे ठेवतो, बहुतेक संघ ठेवतात. पण मिलवॉकीची नक्कल जशीच्या तशी इथे चालत नाही.

एनबीएत थ्रीची कमान टॉपला ७.२४ मीटर, कॉर्नरला ६.७१. आपली ६.७५ आणि ६.६०. कॉर्नर जवळपास सारखाच, टॉपचा शॉट मात्र अर्धा मीटर जवळ. एनबीएत ड्रॉपवर गार्डला तिथून मारणं जेवढं अवघड, त्याहून इथे सोपं. दुसरं, एनबीएत २००१–०२ पासून बचावाला तीन सेकंदांचा नियम आहे. कोणाला धरलेलं नसेल तर बिगला पेंटमधून बाहेर पडावं लागतं. फीबात तो नियम नाही. आपला बिग पूर्ण २४ सेकंद रिंगखाली उभा राहू शकतो, आणि राहतोच.

बदल: बिगच्या टाचा 'की'च्या मध्यावर, रिंगखाली नाही. गार्डने स्क्रीनच्या वरून जायचं, खालून गेला की टॉपचा थ्री लगेच. वरून जाताना छाती स्क्रीनवर आपटू द्यायची नाही, पुढचा पाय स्क्रीनच्या पलीकडे टाकून खांदा आडवा करून निसटायचं, मग मागून हात उंच. मागून ब्लॉक करायला उडी मारली की फाऊल.

खरी गळती यापुढे आहे. समोरचा बिग स्क्रीन देऊन आत न जाता बाहेर उघडतो, पॉप. ड्रॉपमधला आपला बिग तेव्हा चार मीटर लांब. शूटर बिग असेल त्या संघाविरुद्ध ड्रॉप करायचाच नाही. मग तीन पर्याय: स्विच (दोन बचावपटूंनी माणसं अदलाबदल करणं); किंवा विंगच्या माणसाची हूल; किंवा बिग स्क्रीनच्याच उंचीवर उभा. मिलवॉकीने २०२०–२१ मध्ये पी. जे. टकर आणल्यावर स्विचचं प्रमाण वाढवलं आणि त्या मोसमात ते विजेतेपद जिंकले. आपल्याकडे स्विच केल्यावर आपला छोटा गार्ड त्यांच्या बिगकडे जातो आणि आतले पास सुरू होतात. पण आपल्या पातळीवर पोस्टमध्ये (रिंगजवळ) पास अचूक देणारे गार्ड फार नसतात. आमचा कल स्विचकडे. बिगच्या प्रशिक्षकाचा नाही, तो मागेच ठेवा म्हणतो. दोन्ही नोंदवून ठेवलं.

२५ जून

क्लोज-आउट. सहा मीटरवरून शूटरकडे जायचं. पहिले चार मीटर पूर्ण पळत. मुलं पहिल्या पावलापासूनच बारीक पावलं टाकतात, म्हणून पोचत नाहीत. शेवटचे दीड–दोन मीटर बारीक, जलद पावलं. सिमेंटवर बुटांचा चर्र आवाज ऐकू यायला हवा. कंबर खाली, वजन टाचेकडे. एक हात शूटरच्या बॉलच्या हातासमोर उंच, दुसरा ड्राइव्हच्या बाजूला खाली.

जवळून पाहिलं तर चूक शेवटच्या पावलात असते. शेवटचं पाऊल लांब पडलं की गुडघा सरळ होतो, वजन पुढच्या बोटांवर जातं, आणि शूटरने बॉल नुसता वर नेण्याची हूल दिली तरी माणूस त्याच्या खांद्यावरून पलीकडे जातो. मग मागे पाच विरुद्ध चार. दर वेळी शेवटचं पाऊल स्लोमोशनमध्ये बघावं. चेहरा, हात बघू नयेत.

दुसरी चूक उतरण्याच्या जागेची. हवेत गेलेल्या शूटरला उतरायला जागा मिळायला हवी. तिथे पाय गेला की फाऊल. शॉट पडला तर वर १ फ्री थ्रो, हुकला तर ३. तीन फ्री थ्रो देणं हा थ्री मारू देण्यापेक्षा महागडा सौदा आहे. आणि घोटा मोडतो ते वेगळंच. २०१७ मध्ये कवाय लेनर्डचा घोटा असाच मुरगळल्यावर एनबीएने पंचांना अशा बेफिकीर क्लोज-आउटवर जास्त कडक फाऊल द्यायची मुभा दिली. उपाय: शूटरच्या थेट समोर उडायचं नाही, त्याच्या बाजूने, पायांची रेघ कमानीला समांतर ठेवून जायचं.

सराव: कॉर्नर व विंग, दोन्ही बाजू, प्रत्येकी ६ वेळा, दोन फेऱ्या. शूटरने मारायचं, ड्राइव्ह करायची की पास द्यायचा हे त्याच्यावर. आधी ठरवून दिलं तर बचावपटू अंदाजाने थांबतो आणि सराव वाया जातो.

३० जून

२–३ झोन, म्हणजे वर दोघे, खाली तिघे. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत निम्म्याहून जास्त वेळ हाच दिसतो, आणि प्रशिक्षकाला वाटतं झोनमुळे पाय वाचतात. वाचतात, पण बाहेर तीन शूटर असले तर वरचे दोघे पुरत नाहीत. दोन गळत्या.

एक, विंग. टॉपवरून पास विंगला गेला की वरचा माणूस पोचेपर्यंत शॉट निघतो. तोवर खालच्या बाजूच्या माणसाने वर येऊन बॉल रोखायचा, वरचा आला की त्याने खांद्याला हात लावून "सोड!" म्हणायचं आणि खालच्याने कॉर्नरला परत जायचं. हात लावल्याशिवाय निघायचं नाही. घाईने आधीच निघाला तर विंग उघडी, उशिरा निघाला तर कॉर्नर.

दोन, फ्री थ्रो रेषेचा मध्यबिंदू, ज्याला 'नेल' म्हणतात. तिथे बॉल गेला की पाचही जण आत वळतात. तिथून विंग ५ मीटर, एक छातीचा पास. नेलवर बॉल आला तर मधल्या माणसाने वर यायचं, बाकी चौघांनी बॉलकडे बघायचं नाही, आपल्या शूटरकडे बघायचं. शिकवायला हेच सर्वांत कठीण.

३ जुलै

"च" आणि "छ" थोडक्यात. परत धावताना सगळे पेंटकडे पळतात आणि मागून येणारा चौथा खेळाडू टॉपला मोकळा उभा राहतो. तिसऱ्या परतणाऱ्याने पेंटमध्ये न जाता कमानीवर थांबायचं, बाकी दोघे रिंग आणि बॉल. "छ" जास्त त्रासदायक. रिबाउंडला आपण पाचही जण आत आलेले, त्यांना बॉल मिळाला की बाहेर सगळे मोकळे. क्लोज-आउट सुरूच करता येत नाही, कारण आपली तोंडं रिंगकडे. शिवाय थ्री हुकला की बॉल लांब उडतो, बहुतेकदा मारलेल्या बाजूच्या उलट. बॉक्स आउट (समोरच्याला पाठीवर अडवून धरणं) पेंटच्या आत करून उपयोग नाही, तो एक पाऊल बाहेर धरायला हवा.

५ जुलै

रंगाचं कार्ड. सामन्याआधी समोरच्या खेळाडूंची तीन रंगांत वाटणी. लाल: कमानीवरून हलू द्यायचा नाही, क्लोज-आउट पूर्ण वेगात, तो ड्राइव्ह करून गेला तरी चालेल. पिवळा: नेहमीचा क्लोज-आउट. हिरवा: एक मीटर अलीकडे थांबायचं, हेल्प याच्याकडून निघेल. बॉस्टनच्या सामन्यात विल्यम्स मिलवॉकीच्या कार्डावर जणू हिरवा होता, ४१ टक्क्यांचा माणूस.

म्हणून कार्डाला मुदत लावली. हिरव्याने पहिल्या हाफमध्ये ४ मोकळे थ्री मारले, तर पडलेले असोत वा हुकलेले, हाफटाइमला तो पिवळा. हुकलेल्यावरही बदल का? चार मोकळे मारायला ठेवले म्हणजे समोरच्या प्रशिक्षकाने त्यालाच मारायला सांगितलंय, आणि पुढचा हाफ तेच होणार. टाइमआउटची वाट बघायची नाही, पहिल्या हाफला दोनच असतात. बाकावरून रंग ओरडला की मैदानावर कळायला हवं, म्हणून नंबर आणि रंग एवढंच: "नऊ, पिवळा!"

कार्डावर कोणीही पाचही जण हिरवे करून आणू नये. तसं एक आलं होतं, परत पाठवलं.

८ जुलै

सरावसामना, तक्ता भरून झाला. "ख" आता शेवटून दुसरा. "क" वर आलाय. हेल्प बंद केल्यावर ड्राइव्हवर हरणारा उघडा पडला, ते अपेक्षितच. "ग" मध्ये पॉपचे शॉट तसेच आहेत, स्विच की ड्रॉप हा वाद मिटलेला नाही. उजव्या कॉर्नरची रेषा कधी नीट होणार ते रंगाचा डबा आणणाऱ्यावर. उरलेला अर्धा डबा वाळून गेलाय.

सर्वांत भरलेला रकाना "छ". उद्या बॉक्स आउट, एक पाऊल बाहेरचा, पाऊस नसेल तर. असला तर फोनवरचे "छ"चे तुकडे वेगळे काढून पेंटमध्ये कोण किती आत गेलं ते मोजायचं.